प्रति: पैसे घरच्यांनीच सांभाळावेत?

वर कुणीतरी लिहिलंय की अंध माणसाची फसवणूक होते, म्हणून पैशांचे व्यवहार घरच्यांनीच बघावेत. हेतू चांगला, पण पटलं नाही. माझा मामा पूर्ण अंध. आधी एसटीडी बूथ, मग त्याच टपरीत रिचार्ज आणि गोळ्या-बिस्किटं. गल्ला कायम त्याचाच. 2016 पर्यंत तो नोट बोटांत धरून, तिचं टोक तळहातावर कुठवर येतं त्यावरून सांगायचा. जुन्या शंभर आणि पाचशेच्या लांबीत एक सेंटिमीटरचा फरक होता. नव्या शंभर, दोनशे, पाचशेच्या नोटा 142, 146, 150 मिलिमीटर, रुंदी तिन्हींची 66. चार मिलिमीटर! तेही गिऱ्हाईक समोर उभं असताना. कडेच्या उठावदार रेषा आहेत (शंभरला चार, पाचशेला पाच), पण मळलेल्या नोटेवर त्या बोटाला लागतच नाहीत. त्या दिवसांत मामा प्रत्येक नोट शेजाऱ्याला दाखवायचा आणि भयंकर चिडचिड करायचा.

आम्हीही तेव्हा म्हटलंच, आता गल्ला भाच्याकडे द्या. त्याने ऐकलं नाही. जाड लग्नपत्रिकेच्या पट्टीला तीन खाचा पाडून घेतल्या आणि त्यावर नोट लावून बघायला लागला. रिझर्व्ह बँकेचं ‘मणी’ अ‍ॅप 2020 मध्ये आलं, इंटरनेटशिवायही चालतं, ते फोनवर टाकून दिलंय. घरी वापरतो. दुकानात नाही, कारण फोन सगळ्यांदेखत ‘पाचशे’ म्हणून ओरडतो ते त्याला आवडत नाही. पट्टी अजून गल्ल्यातच आहे, कडा पार मऊ झाल्यात.