‘नंतर देतो’ डॉक्टरला कसं म्हणायचं? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

(लातूर, औसा रोडवरच्या आमच्या सोसायटीचा ग्रुप. नंतर दोन-तीन जणांनी ‘ते वर गेलेलं परत टाका’ म्हटलं म्हणून एकत्र केलंय. गुड नाइटचे फोटो आणि पाण्याच्या पाळीवरचं भांडण गाळलं आहे.)

मोरे सर, बी-२०३ | रात्री ९:१२
नमस्कार मंडळी. आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, बुंदीला, पार्वो (विषाणूचा उलटी-जुलाबाचा आजार) निघालाय. दुपारपासून उलट्या, संध्याकाळी रक्ताची संडास. दवाखान्यात आणलंय, किटवर टेस्ट पॉझिटिव्ह आली. चार-पाच दिवस सलाइनवर ठेवावं लागेल म्हणाले, खर्च अंदाजे ९ ते ११ हजार, त्यातले ४ हजार आता भरा. खात्यात १८०० आहेत. तासिकेचं मानधन कधी येतं ते तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. डॉक्टरला ‘नंतर देतो’ असं म्हणता येतं का? म्हणायचं तर कसं? ग्रुपवर उसने मागायला आलेलो नाही, फक्त हे सांगा.

कुलकर्णी काका, ए-१०१ | ९:१५
रस्त्यावरचं पिल्लू घरात आणलं तेव्हाच मी बोललो होतो. हौस करताना खर्चाचा विचार नको का करायला?

देशमुख ताई, सी-१०२ | ९:१६
काका, आत्ता ते राहू द्या ना. सर, हा पार्वो लेकरांना लागतो का हो? आमचा धाकटा काल बुंदीला कडेवर घेऊन पार्किंगभर फिरत होता 😟

स्वामी काकू, बी-१०४ | ९:२१
ताई, घाबरू नका. माझी पुतणी उदगीरच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकते, तिला लगेच फोन लावला. कुत्र्याचा पार्वो माणसाला होत नाही म्हणाली. माणसांत पार्वो नावाचा वेगळा विषाणू असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. तरी हातपाय साबणाने धुवा, कारण आपल्या हातावरून, चपलांवरून दुसऱ्या कुत्र्यांपर्यंत तो जातो.

शेख भाई, सी-३०२ | ९:२२
मोरे सर, अजून दवाखान्यातच आहात ना? सलाइन लावलं?

मोरे सर | ९:२३
बाहेर बाकड्यावर बसलोय. सुई लावली, उलटीचं इंजेक्शन दिलं. पैशाचं अजून काहीच बोललो नाही.

शेख भाई | ९:२३
मग आताच बोला. डिस्चार्जच्या दिवशी पिल्लू न्यायला गेल्यावर बोललात तर सगळंच बिघडतं. पाच मिनिटं थांबा, नीट लिहितो.

कुलकर्णी काका | ९:२५
पुढच्या तारखेचा चेक देऊन टाका. विषय संपला.

राठोड, ए-४०२ | ९:२७
काका, तेच करू नका म्हणून सांगायलोय. त्या तारखेला मानधन आलं नाही आणि चेक बाऊन्स झाला, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं कलम १३८ लागू शकतं. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. ज्याच्या मानधनाची तारीख सरकारलाच माहीत नाही त्याने तारखेचा चेक फाडू नये. बँकेत रोज बघतो आम्ही.

देशमुख ताई | ९:२८
मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप असतात ना, माझ्या भावाने घेतलं होतं.

राठोड | ९:३१
ताई, भावाचं निभावलं असेल. पण रात्री घाबरलेल्या माणसाने ते ॲप उघडू नये. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत, एकूण खर्च आधी लेखी दाखवायला हवा, आणि फोनमधल्या काँटॅक्टना हात लावायचा नाही. ॲपने काँटॅक्टची परवानगी मागितली की तिथेच काढून टाकायचं. नाहीतर हप्ता चुकला की तुमच्या प्राचार्यांना फोन.
सर, पतसंस्थेत तातडीचं कर्ज मिळतं का तुम्हाला?

मोरे सर | ९:३२
सीएचबीवाल्याला, म्हणजे तासिकेवर शिकवणाऱ्याला, पतसंस्था दारात उभी करत नाही.

राठोड | ९:३२
मग सकाळी बँक उघडल्यावर छोटं सोनं तारण. ते शेवटचं. आधी भाईंचं वाचा.

शेख भाई | ९:३९
माझी जनावरांच्या औषधाची एजन्सी आहे, जिल्ह्यातले बरेच डॉक्टर माझे गिऱ्हाईक. म्हणून त्यांच्या बाजूचं आधी सांगतो.
माणसाच्या दवाखान्यात कुणी मेडिक्लेमवर येतो, कुणी सरकारी योजनेवर. जनावराच्या डॉक्टरकडे येणारा जवळजवळ प्रत्येक रुपया मालकाच्या खिशातला. टेस्टचं किट, सलाइन, अँटिबायोटिक, उलटीचं इंजेक्शन, हा सगळा माल ते आमच्याकडून उचलतात आणि आम्ही महिनाअखेरीला वसुलीला उभे. रात्री पिल्लाजवळ थांबणाऱ्या पोराचा पगार वेगळा. त्यात पिल्लू गेलं की मालक पुन्हा तोंड दाखवत नाही, हे प्रत्येक डॉक्टरने भोगलेलं असतं. पैसे उशिरा आले तर त्यांचं चालतं. माणूसच गायब होईल ही धास्ती असते, म्हणून आधी मागतात.
आता बघा, कृषी केंद्रवाला सोयाबीनवर खताची उधारी देतो ती कशाच्या जोरावर? त्याला तुमचं घर माहीत असतं, शेत माहीत असतं, माल मोंढ्यात कधी उतरणार तेही माहीत असतं. या डॉक्टरला तुमचं काय माहीत आहे? काहीच नाही. ते सांगायचं, बस.
आत जाऊन असं बोला: ‘सर, आज १५०० भरतो. मी अमुक कॉलेजात शिकवतो, हा पत्ता, हे आधार कार्ड. शनिवारी शिकवणीचे २००० येणार आहेत, ते त्याच दिवशी आणून देतो. बाकीचे महिन्याला इतके असे देईन. तुम्हाला जमेल का?’ आणि मग गप्प बसा. त्यांना विचार करू द्या. ‘बघू, मानधन आलं की देतोच’ हे तेवढं बोलू नका. ते वाक्य ऐकलं की डॉक्टर मनातल्या मनात ते पैसे बुडीत खात्यात टाकतो.
गेटवर रडूही नका अन् ‘तुम्हाला मुक्या जिवाची दया नाही का’ असंही म्हणू नका. दया आहे म्हणून तर तो रात्री नऊला सुई लावून बसलाय.

देशमुख ताई | ९:४१
भाई 👏👏

पाटील, सचिव | ९:४४
सूचना: मेंटेनन्सच्या पैशाला हात लावता येणार नाही. तो सगळ्या सभासदांचा आहे, एका घरच्या खर्चाला वापरला तर ऑडिटला मलाच उभं करतील. खासगीत कुणाला काही द्यायचं असेल तर त्याला सोसायटीचं नाव लावू नये.

मोरे सर | ९:४४
सचिव साहेब, मी मागितलंच नाही.

पाटील, सचिव | ९:४५
माहीत आहे सर. तुमच्यासाठी नाही, पुढच्यांसाठी लिहून ठेवलं.

देशमुख ताई | ९:४७
मी तरी ५०० देणार. सर नाही म्हणाले तरी. कुठे पाठवू?

राठोड | ९:४९
ज्यांना द्यायचंय त्यांनी दवाखान्याच्या स्कॅनरवर थेट पाठवा आणि ‘बुंदी’ असं लिहा. सरांच्या खात्यावर नको. त्यांनाही हिशेबाचं ओझं नको, आणि उद्या कुणी ‘किती जमले, किती राहिले’ विचारायला नको. हा नियम कुठल्याही वर्गणीला ठेवा.

(इथे बी-विंगची मोटर कुणी बंद केली यावर बरंच काही.)

स्वामी काकू | १०:०३
पुतणीने लिहून पाठवलंय, तसंच टाकते:
‘आत्या, पार्वोच्या विषाणूला मारणारं रोजच्या वापरातलं औषध नाही. उलटी-संडासात पाणी आणि क्षार जातात, आतड्याचं अस्तर सोलून निघतं, पांढऱ्या पेशी उतरतात. म्हणून सलाइन, उलटीचं औषध, आणि वरून दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक. एवढ्यावर पिल्लाला तगवून ठेवायचं, बाकी लढाई त्याचं शरीर लढतं. पहिले तीन-चार दिवस निघाले की बहुतेक पिल्लं वाचतात. उपचार न करता घरी ठेवलं तर बहुतेक जातात.
पैसे कमी असतील तर डॉक्टरांना लपवू नका. विचारा की यातलं केलंच पाहिजे असं काय आणि केलं तर चांगलं असं काय. रोज रक्त तपासायचं की एक दिवसाआड, हे पैशावर ठरवता येतं. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ४० कुत्र्यांवर अभ्यास झाला होता. भरती केलेल्यांत ९० टक्के वाचले. आधी शिरेतून सलाइन देऊन सावरलं आणि मग रोज त्वचेखाली पाणी आणि इंजेक्शन देत भरतीविना सांभाळले, त्यांत ८० टक्के. म्हणजे भरती चांगलीच, पण ती परवडली नाही म्हणून सगळं संपलं असं नाही. मात्र पिल्लू भरती न करण्याइतकं धट्टं आहे का, हे डॉक्टरच सांगतील.
आमच्याकडे उदगीरला आणि परभणीला कॉलेजचा दवाखाना आहे, दोन्ही नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे. खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. पण सलाइन चालू असलेलं पिल्लू रात्री गाडीत घालून उदगीरला आणू नका. सकाळी स्थिर असेल तर डॉक्टरांशी बोलून, आधी फोन करून या. १९६२ हा पशुसंवर्धनचा टोल फ्री नंबर आहे, पण त्यांची गाडी मुख्यतः गावातल्या गायी-म्हशी-शेळ्यांसाठी असते.
आणि माणसाची जुलाबाची गोळी, पॅरासिटामॉल, काही म्हणजे काही देऊ नका.’

कुलकर्णी काका | १०:०८
पुतणी हुशार आहे. पण मला एक सांगा. ११ हजारांचे १८ हजार झाले तर? तुम्ही सगळे ‘विचारा, विचारा’ म्हणताय, थांबायचं कुठे ते कुणी बोलत नाही. आमच्या थोरल्या भावाच्या बैलाला असंच करत करत शेवटी बैलही गेला आणि खळ्यावरचं धान्यही.

शेख भाई | १०:११
काकांचं बरोबर आहे. यावर कुणी हसू नका.
सर, आत जाल तेव्हा हेही ठरवून जा. ‘माझी झेप इतकी आहे. तिथपर्यंत बिल आलं की पुढचं काही करण्याआधी मला फोन करा.’ चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. आणि रोज संध्याकाळी त्या दिवसाचं बिल मागून घ्यायचं. शेवटच्या दिवशी एकदम कागद हातात आला की भांडणं होतात.

मोरे सर | १०:१२
जातो आत.

शेख भाई | १०:१२
माझं नाव सांगा. जामीन म्हणून नाही, ओळख म्हणून. पैसे तुम्हीच द्यायचे.

राठोड | १०:२०
तोवर एक. इथे टॉमीवाले, ब्रूनोवाले आहेत त्यांच्यासाठी. कुत्र्याचा विमा मिळतो, पण तो धडधाकट असताना काढायचा. आजार निघाल्यावर त्याच आजाराला कुणी कव्हर देत नाही. घेताना प्रतीक्षा काळ किती आणि लसीकरणाची अट काय ते वाचा. नाहीतर सरळ महिन्याला ३०० ची आरडी उघडा. मला विचाराल तर आरडीच बरी, तिला कुणी क्लेम नाकारत नाही.

मोरे सर | १०:४१
बोललो. १५०० भरले. डॉक्टरांनी आधी भाईंना फोन लावला, मग मला आत बसवलं. ते म्हणाले, ‘तुम्ही आज बोललात हे बरं केलं.’ ठरलं ते असं: टेस्टचे आणि औषधांचे पैसे सोडणार नाहीत, ते त्यांना एजन्सीला द्यावेच लागतात. स्वतःची तपासणी फी एकदाच घेणार, रोजची नाही. शनिवारी २०००. उरलेले तीन हप्त्यांत, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत, मानधन येवो न येवो, शिकवणीतून. कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. ७ हजारांच्या पुढे जाण्याआधी मला विचारणार. सगळ्यांत स्वस्त काय चालेल विचारलं तर म्हणाले आजची आणि उद्याची रात्र इथेच ठेवा, परवा उलटी थांबलेली असेल तर घरी न्या आणि रोज सकाळी आणा.

कुलकर्णी काका | १०:४४
सह्या केल्या ते चांगलं केलं. एक प्रत तुमच्याजवळ ठेवा.

देशमुख ताई | १०:४५
माझे ५०० गेले दवाखान्यात, स्क्रीनशॉट टाकत नाही 😄

मोरे सर | १०:४६
ताई, ते हप्त्यांतून वजा करून तुम्हाला परत देईन.

देशमुख ताई | १०:४६
द्या. घाई नाही.

— दुसऱ्या दिवशी —

मोरे सर | सकाळी ७:५०
रात्री दोनदा उलटी, पहाटेपासून नाही. संडास अजून लालच आहे. डॉक्टर काही बोलायला तयार नाहीत, ‘उद्या सांगतो’ म्हणतात. आजचं बिल १३५०, लिहून घेतलं.

पाटील, सचिव | ८:१०
बुंदी खेळायचा तो जिन्याखालचा कोपरा आणि बागेतली जागा वॉचमनला फिनाइलने धुवायला सांगितली आहे.

स्वामी काकू | ८:१९
सचिव, थांबवा त्याला. पुतणी म्हणते फिनाइलवर भरवसा ठेवू नका, पार्वो त्याने मरत नाही. लिक्विड ब्लीच आणा. एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. आधी फरशी साबणाने घासायची, मग हे पाणी ओतून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. घाण असलेल्या जागेवर ब्लीचही चालत नाही. फिनाइल आणि ब्लीच एकत्र मिसळायचं नाही.

पाटील, सचिव | ८:२१
आणि बागेतली माती?

स्वामी काकू | ८:२४
मातीत ब्लीचचा उपयोग नाही. सावलीच्या मातीत तो कित्येक महिने टिकतो. लशीचे सगळे डोस न झालेलं पिल्लू तिकडे न्यायचंच नाही. पहिला डोस दीड-दोन महिन्यांचं असताना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. ब्रूनोचा शेवटचा डोस झालाय का कुणी विचारा.

राठोड | ८:२६
ब्रूनो आमचाच. एक राहिलाय. आज संध्याकाळी नेतो.

पाटील, सचिव | ८:३०
ब्लीचचे पैसे मेंटेनन्समधून, जिना सगळ्यांचा आहे. पावती फाइलला लावतो. बागेच्या त्या कोपऱ्याला दोरी बांधून पाटी लावायला सांगितलंय.