मदत हवी आहे : मिस्किटो राजांची वंशावळ मराठीत कशी मांडू?

नमस्कार मंडळी, निकाराग्वा-होंडुरासच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या मिस्किटो लोकांच्या राजघराण्यावर मराठीत एक लेख लिहितेय, सोबत वंशावळीचा तक्ता द्यायचाय आणि तिथेच गाडी अडलीये. स्पॅनिश लोकांना हा किनारा नीट जिंकताच आला नाही, मिस्किटोंनी इंग्रजांशी दोस्ती केली आणि त्यांचे राजे पुढे इंग्रजांच्या वसाहतीत, बेलीझला जाऊन मुकुट घालून यायचे, 1816, 1825, 1845 अशी तीन वर्षं माझ्याकडे आहेत. तिथलं सेंट जॉन्स चर्च जहाजाचा तोल राखायला विलायतेहून आणलेल्या विटांचं आहे, त्यात हा राज्याभिषेक! मला तर हे वाचून राहवेचना.

आता अडचण सांगते. जॉर्ज फ्रेडरिक ऑगस्टसनंतर भाऊ रॉबर्ट चार्ल्स फ्रेडरिक, मग त्याचा मुलगा जॉर्ज ऑगस्टस फ्रेडरिक, म्हणजे नावं तीच उलटीपालटी, वाचणाऱ्याचा गोंधळ होणारच. त्यात याच्यानंतर गादीवर आला तो भाचा, विल्यम हेन्री क्लॅरेन्स, मग बहिणीकडची रेघ कशी काढायची? आणि 1860 च्या, ब्रिटन-निकाराग्वामधल्या मानाग्वा तहानंतर 'राजा' जाऊन फक्त वंशपरंपरागत प्रमुख उरला, त्याला मराठीत काय म्हणू, सरदार की मुखिया? मला दोन्ही खटकतात. शेवटच्या रॉबर्ट हेन्री क्लॅरेन्सला 1894 मध्ये निकाराग्वाच्या सैन्याने हटवलं, तो जमैकात गेला आणि 1908 ला तिकडेच वारला, हे लिहिताना फार वाईट वाटलं.

कुणी अशी वंशावळ बनवली असेल तर नमुना पाठवा प्लीज, हाताने काढलेल्याचा फोटोपण चालेल.