वॉशिंग मशीन आणि ड्रायर कपाटात बसवलंय? तुमचे अनुभव लिहा

पारिजात
काल शेजारी सुतारकाम चाललं होतं म्हणून डोकावले. नवंकोरं उंच कपाट, खाली वॉशिंग मशीन, वर ड्रायर, दारं लावली की आत काय आहे ते कळणारही नाही. सुतार खालची पट्टी ठोकत होता आणि मला एकदम आईकडचं कपाट आठवलं.

तिथे सुताराने मशीन आत सरकवलं आणि पुढून तळाला पट्टी मारून टाकली, गोंद लावून वर खिळे. दिसायला फार सुबक. मग एका रात्री मशीनने पाणी सोडणंच बंद केलं. ड्रम भरलेला, आत भिजलेल्या चादरी, दार उघडेना. पंपाचा फिल्टर पुढच्या बाजूला खाली, छोट्या झाकणाच्या आत असतो. ते झाकण नेमकं पट्टीच्या मागे. नळ मशीनच्या मागे. आणि दोन्ही बाजूंना बोट शिरेल एवढीही फट नाही, मशीन ओढणार कसं? बाबांनी शेवटी पटाशी घेऊन पट्टी उचकटली. फिल्टरमध्ये निघाली केसांची पिन आणि तिच्याभोवती गुंडाळलेला तान्ह्या बाळाचा मोजा.

दुरुस्तीला येणाऱ्याचा हात कुठून आत जाणार ते आधी ठरवावं आणि लॅमिनेटचा रंग नंतर, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे. आता आमच्याकडेही हे काम निघतंय. ज्यांनी केलंय त्यांनी लिहा. काय जमलं, काय नडलं, सगळं.

टकटक
मापं सांगते. साधं फ्रंट लोड ६० सेंमी रुंद, ८५ उंच. खोली ५५ ते ६५ लिहिलेली असते, पण त्यात मागचे पाइप धरलेले नसतात आणि ते चांगली १० सेंमी जागा खातात. आम्ही आतली रुंदी ६६ ठेवली आणि खोली ७५. सुतार सारखा म्हणत होता जागा वाया जातेय. जाऊ दे म्हटलं. आज मी एकटी मशीन पुढे ओढून मागे झाडून घेते.

भिंगरी
टकटक +१
पारिजात, भिजलेल्या चादरी अडकल्या म्हणजे काय हाल झाले असतील गं आईचे!

ओंजळ
पट्टी चुंबकाची करून घे. ओढली की निघते. आमच्याकडे तशीच आहे, फिल्टर साफ करताना खाली पसरट ताटली सरकवायची, थोडं पाणी येतंच.
बाकी संध्याकाळी लिहिते, दारावर कुणीतरी आलंय

उंबरठा
मी विजेची कामं करतो म्हणून दोन गोष्टी आवर्जून. प्लग मशीनच्या मागे कधीही नको. शेजारच्या खणात घ्या आणि वायरसाठी मधल्या फळीला भोक पाडा. म्हणजे काही झालं तर मशीन न हलवता बंद करता येतं. ड्रायरला वेगळी लाइन, अर्थिंग तपासलेलं, आणि एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. पाण्याच्या नळालाही हाच नियम, शेजारच्या खणात आणा.

पारिजात
उंबरठा दादा, हे फार कामाचं. ड्रायर बंद कपाटात तापत नाही का?

उंबरठा
कुठला ड्रायर त्यावर आहे. गरम दमट हवा पाइपातून बाहेर सोडणारा असेल तर १० सेंमी व्यासाचा पाइप थेट घराबाहेर न्यायलाच हवा. पाइप जितका आखूड आणि सरळ तितका बरा, प्रत्येक वळणावर कपड्यांची लव साचते आणि ती पेट घेऊ शकते. कंडेन्सर किंवा हीट पंपवाल्याला पाइप लागत नाही, पाणी टाकीत जमतं किंवा नळीने ड्रेनमध्ये सोडता येतं. हीट पंपवाला वेळ जास्त घेतो पण वीज साधारण निम्मी लागते आणि कपडेही कमी तापतात. तरी मोकळी हवा दोघांनाही हवीच. चालू असताना कपाटाची दारं उघडी, आणि खाली-वर जाळी.

सावली_
आमच्याकडे जाळी नव्हती ठेवली सुताराने. वरची फळी एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची), वाफेने कडेपासून फुगत गेली, लॅमिनेटला हात लावला तर खाली पोकळ आवाज यायचा. नंतर मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवुड, घातला आणि सगळ्या कडा सील करून घेतल्या, अगदी पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या आतूनसुद्धा. आता काही त्रास नाही

चिंचोका
आमची मांजर त्या कपाटात झोपते. ऊब असते ना

भिंगरी
चिंचोका, बाई गं, ड्रम बघितल्याशिवाय कधीच चालू करू नकोस! दार उघडं राहिलं की आत जाऊन बसतात त्या.

चिंचोका
हो गं, आधी हात घालून बघायचं आणि मग कपडे टाकायचे, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवलंय. लहान मुलं असतील तर तेच. आम्ही कपाटाला वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी कडी लावली.

उंबरठा
कडीबद्दल थोडं थांबा. ड्रायरच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं की कुलूप लागणारं दार, सरकतं दार किंवा ड्रायरच्या उलट बाजूला बिजागरी असलेलं दार त्याच्यापुढे नको, ड्रायरचं दार पूर्ण उघडायला अडथळा होईल असं काहीच नको. कुणी आत अडकलं तर आतून ढकलून बाहेर येता आलं पाहिजे. कडी ठेवायची तर ड्रायर बंद असतानाच लावा आणि लावण्याआधी आत बघा.

चिंचोका
बरं झालं सांगितलंत. आजच बोलते घरी.

भिंगरी
दाराचा विषय निघालाच आहे तर. बहुतेक फ्रंट लोडची बिजागरी डावीकडे असते आणि ती बदलता येत नाही. ड्रायरची बऱ्याचदा बदलता येते. आम्ही कपाटाच्या दारांना पूर्ण मागे जाणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, साध्या बिजागरीत दार काटकोनाच्या जरा पुढे जाऊन थांबतं आणि मशीनचं दार त्यावर आपटतं. साबणाचा खणही पूर्ण बाहेर ओढून बघा, कपाटाच्या कडेला घासायला नको.

ओंजळ
आले परत. मशीनच्या हादऱ्यांचं कुणीच लिहिलं नाही अजून! आमचं नवं मशीन पहिल्याच दिवशी असं काही थरथरलं की कपाटाच्या दोन्ही कडा वाजायला लागल्या. आणून बसवणाऱ्यांनी मागचे वाहतुकीचे बोल्ट काढलेच नव्हते. ड्रम हलू नये म्हणून तीन-चार लांब बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय मशीन चालवायचंच नाही. आता पिशवीत घालून जपून ठेवलेत, घर बदलताना परत लागतील.
दुसरं, मशीन कपाटाच्या तळफळीवर नको, थेट फरशीवर हवं. ६०-७० किलो मशीन, वर पाणी आणि कपडे, आणि मिनिटाला १२०० फेऱ्यांचा वेग. फळी झुलते. पाय फिरवून लेव्हल घेतली की खालचं नट आवळायला विसरू नका.

गवतफूल
आमचं टॉप लोड आहे, ते ओट्याखाली बसेल का?

टकटक
गवतफूल, झाकण वर उघडतं ना. ओट्याचा तेवढा भाग बिजागरीवर उचलता आला तरच. त्यापेक्षा वरची जागा मोकळी ठेव.

गवतफूल
😔 ठीक

माजघर
आमच्याकडे वेगळंच घडलं. मशीन पाणी घेतंय, घेतंय, भरतच नाही. तासभर नुसतं पाणी वाहून गेलं. प्लंबरने ड्रेनची नळी जमिनीलगत सोडली होती. टोक खाली असलं की पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं, पंप चालू नसतानाही. दुसऱ्याने येऊन नळी साधारण ७५ सेंमी उंचीवर नेली आणि सुरळीत झालं. ६० ते ९० च्या मध्ये ठेवा म्हणाला. नळी पाइपात फार खोल खुपसायची नाही आणि खाली ट्रॅप (पाणी धरून ठेवणारं वळण) हवाच, नाहीतर सगळ्या कपाटात गटाराचा वास.

सावली_
वासावरून, धुणं झालं की मशीनचं दार किलकिलं ठेवता का सगळे? रबराच्या घडीत काळं धरतं

टकटक
हो. आणि घडी पुसून घ्यायची, विशेषतः खालची बाजू.

कोनाडा
एकातच दोन्ही करणारं घेतलं तर अर्धी जागा वाचेल ना? आमच्याकडे उंच कपाटाला भिंतच नाही

ओंजळ
बहिणीकडे आहे. जागा वाचते हे खरं. पण धुणं ८ किलो मावतं आणि वाळवणं ५ च्या आसपास, म्हणजे अर्धे कपडे बाहेर काढायचे किंवा मुळात कमी टाकायचे. तिच्याकडे दोघंच आहेत, ती खूश आहे. पाच माणसांच्या घरात नाही जमणार.

पारिजात
किती छान माहिती येतेय, सगळं सुताराला वाचून दाखवणार आहे. एक प्रश्न. मशीनवर ड्रायर ठेवायला मधे ते दोघांना घट्ट जोडणारं किट लागतंच का? आमचा सुतार म्हणतो मी मधे फळी टाकतो.

उंबरठा
किटशिवाय नुसता वर ठेवू नका, हादऱ्यांनी सरकतो. किट मशीनच्या मॉडेलला जुळणारं हवं, आणि ड्रायर नेहमी वरच. फळी टाकायची तर ती भिंतीत पक्की केलेली हवी, ड्रायर ५० किलोच्या आसपास असतो. त्यापेक्षा किट सोपं.

भिंगरी
ओढता येणारी फळी असलेलं किट मिळतं, ते घे. कपडे काढताना टोपली ठेवायला इतकं बरं पडतं

माजघर
उंची मात्र बघून घे पारिजात. दोन्ही मिळून १७० सेंमीच्या वर जातं. माझ्या सासूबाईंना ड्रायरची बटणं दिसतच नाहीत, आणि लव काढायची जाळी तर त्याहून अवघड. ती दर वेळी साफ करावी लागते, म्हणून ते काम आता माझ्याकडे.

पारिजात
आई पण आता माझ्याकडे राहायला येतेय. तिची उंची जेमतेम पाच फूट. मग शेजारी शेजारीच ठेवते दोन्ही, वर ओटा, घड्या घालायला.

टकटक
मग आतली रुंदी १३० तरी धर. आणि ओटा ९० च्या वर घे, ८५ चं मशीन आणि वर बोटभर जागा.

कोनाडा
पारिजात, आईंना गुडघ्यांचा त्रास आहे का? वाकावं लागेल खाली. माझ्या आईसाठी आम्ही खाली ३० सेंमीचा पक्का विटांचा चौथरा बांधला, पुढे कठडा ठेवून. मग वरचा ओटा मात्र उंच होतो

पारिजात
आहे गं, डावा गुडघा. चौथऱ्याचा फोटो टाकशील?

कोनाडा
टाकते, आधी मुलीला शाळेतून आणते