मदत हवी आहे: एक तार सुरात लावली की बाकीच्या उतरतात, रविवारी वाजवायचं आहे

नवी_तार
दोन आठवड्यांपूर्वी साडेसहा हजारांत सेकंडहँड इलेक्ट्रिक गिटार घेतली, सोबत १० वॅटचा छोटा ॲम्प. घेतली तेव्हा मस्त वाजत होती. आता सुरात येतच नाही. जाड ई तार सुरात लावतो, मग ए तार लावतो, परत ई पाहतो तर ती उतरलेली. सहाही तारा झाल्या की पुन्हा पहिलीपासून सुरू. काल रात्री दीड तास हेच करत होतो. तारा फ्रेटबोर्डपासून (गळ्यावर बोटं दाबतो ती पट्टी) खूप वर आल्यात, बोटं दुखून राहिली. त्यात ॲम्पमधून सारखा घूंऽऽ आवाज. रविवारी ताईची हळद आहे, तिनं स्वतः सांगितलंय की तू वाजवायचं. खुंट्या बदलू का? इथे नागपुरात बर्डीच्या बाजारात कुठे मिळतील? लवकर सांगा.

मंद्र_सप्तक
खुंट्यांना हात लावू नको. आधी सांग, ब्रिज कसा आहे? दांडी लावून हलवता येतो तो, की पक्का? तारा किती नंबरच्या, म्हणजे किती जाडीच्या?

महालवाला
साडेसहा हजारांत असाच माल मिळतो भाऊ. विकून टाक, चार-पाच हजार वर टाकून नवी घे. मी पहिली गिटार स्वस्तातली घेतली आणि दोन वर्षं वाया घालवली. हात खराब होतो, कान खराब होतो.

सदरची_शिक्षिका
महालवाला, रविवार चार दिवसांवर आहे. तो विकेल कधी आणि घेईल कधी? आणि स्वस्त गिटार म्हणजे वाईट गिटार हे मला मान्य नाही. माझ्याकडे शिकणारी निम्मी मुलं याच किमतीच्या गिटारवर वाजवतात. नीट सेट केली की त्या सुरात राहतात.

नवी_तार
ब्रिज म्हणजे तारा अडकतात तो ना? त्यात दांडी जाते, पण मी काढून ठेवली आहे. लाल रंगाची आहे, तारांखाली आवाज पकडणारे तीन पिकअप. खुंट्यांचं सांगा ना कोणी.

मंद्र_सप्तक
रंगाचं राहू दे. तारा तू बदलल्यास का?

नवी_तार
हो, मागच्या रविवारी. जुन्या गंजल्या होत्या. दुकानदारानं १० नंबरच्या दिल्या, म्हणाला मजबूत असतात.

मंद्र_सप्तक
हे पहिल्याच वेळी लिहायला हवं होतं. सगळं इथेच आहे.

तुझा ब्रिज तरंगता आहे. पुढून तारा त्याला ओढतात, मागून पोटातल्या स्प्रिंगा ओढतात, आणि दोघांच्या ताणात तो उभा असतो. जुन्या तारा बहुतेक ९ च्या असतील. ९-४२ चा सेट (सगळ्यात बारीक तार ९, सगळ्यात जाड ४२) सुरात असताना सगळ्या तारांचा मिळून ताण साधारण ३८ किलो, १०-४६ चा साधारण ४६ किलो. स्प्रिंगा तेवढ्याच राहिल्या, म्हणून ब्रिज पुढे झुकला आणि मागून उचलला गेला. तारा वर आल्या त्या यामुळेच. एक तार ताणली की ब्रिज आणखी थोडा झुकतो आणि उरलेल्या पाच तारा सैल पडतात. खुंट्यांचा यात काही दोष नाही.

गिटार उलटी कर, पाठीवरचं प्लॅस्टिकचं झाकण काढ. स्प्रिंगा मोज.

फुटाळा_संध्याकाळ
माझ्या मते गळा वाकला असणार. नागपूरचा मे, दिवसभर कोरडी हवा आणि रात्री कूलरचा ओला झोत. लाकूड किती सहन करेल? गळ्याच्या आतला लोखंडी ट्रस रॉड फिरवून बघ, गळा सरळ होतो त्यानं.

मंद्र_सप्तक
कृपा करून नव्या माणसाला ट्रस रॉड फिरवायला सांगू नका. तारा वर आल्यात म्हणजे ब्रिज उचललेला आहे. आधी तो बसवायचा, मग गरज पडली तर गळ्याकडे बघायचं.

फुटाळा_संध्याकाळ
मी बारा वर्षं माझ्या गिटारचं स्वतः करून राहिलो, एकदाही बिघडलं नाही. कूलरसमोर ठेवू नको एवढं तरी ऐक.

धंतोलीकर
कूलरवरून आठवलं, यंदा गवताच्या जाळ्या बसवायच्या की त्या मधाच्या पोळ्यासारख्या? गवत दरवर्षी बदलावं लागतं, पण गारवा मला त्याचाच आवडतो.

नवी_तार
तीन स्प्रिंगा आहेत. पाच लावायची जागा आहे.

मंद्र_सप्तक
स्प्रिंगांचं दुसरं टोक ज्या पट्टीत अडकलंय ती दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेली आहे. तारा थोड्या सैल कर. दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घाल, सुरात लाव, ब्रिज बघ, परत अर्धा फेरा. ब्रिज बॉडीवर सपाट टेकला की थांब. दांडी वापरायची नाहीये ना, मग टेकलेलाच बरा. नव्या तारा हातानं हळूच वर ओढून ताणून घे, नटच्या (खुंट्यांच्या अलीकडची खाचांची पट्टी) खाचेत पेन्सिलीचं शिसं घास.

सदरची_शिक्षिका
स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा ९ च्या तारा परत घातल्या तर काम लवकर होईल. बोटंही कमी दुखतील.

मंद्र_सप्तक
९ घातल्या तरी तरंगता ब्रिज तरंगताच राहणार. हळदीत ‘बी’ सुराची तार तुटली तर बाकी पाचही वरच्या सुरात चढतील आणि गाणं तिथेच थांबेल. टेकवलेला असला तर पाच तारांवर निभावता येतं.

सदरची_शिक्षिका
हे खरं आहे. टेकवच.

गोरेवाडा
हळदीत ॲकॉस्टिक शोभते. इलेक्ट्रिकचा आवाज मंडपात कर्कश होतो.

नवी_तार
ताईला इलेक्ट्रिकच हवी आहे. आणि त्या घूं आवाजाचं?

पॉवरहाऊस
तारांना हात लावल्यावर आवाज कमी होतो की वाढतो? त्याच बोर्डावर कूलर आहे का?

नवी_तार
कमी होतो. हो, कूलर त्याच बोर्डावर आहे.

पॉवरहाऊस
कमी होतो म्हणजे गिटारच्या आतली ब्रिजची वायर ठीक आहे. तुझ्यासारखा सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आवाज पकडतोच, कूलरची मोटर त्यात भर घालते. ॲम्प दुसऱ्या बोर्डावर लाव, गिटार घेऊन जागच्या जागी थोडा वळून बघ, एका दिशेला आवाज बराच पडतो. गिटारवरचा पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवून बघ, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर घूं जवळपास जाईल.

नवी_तार
स्क्रू प्रत्येकी चार फेरे आत गेले. ब्रिज टेकला. जाड ई अर्ध्या तासापासून जिथल्या तिथे आहे!! तारा खाली आल्या, बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबायचा) पहिल्यांदाच नीट वाजला. ताईला ऐकवलं, मेंदीचे हात तसेच वर धरून बसली होती, पूर्ण ऐकलं तिनं. आता फक्त बारीक ई बाराव्या फ्रेटजवळ खरखरते.

मंद्र_सप्तक
ब्रिजवर ती तार ज्या छोट्या तुकड्यावर टेकते त्या सॅडलचे दोन्ही छोटे स्क्रू बारीक एलन कीनं पाव फेरा फिरव, तार किंचित वर येईल. मग परत सुरात लाव.

पॉवरहाऊस
मंडपात वाजवणार असशील तर शनिवारीच जाऊन बोर्ड बघ. तीन पिनचा आणि अर्थिंग असलेला हवा. ओल्या अंगणात अनवाणी उभा राहू नको, आणि माइकला ओठ लावून बारीकसा झटका आला तर त्याच क्षणी गिटारची वायर काढ.

नवी_तार
उद्याच जाऊन बघतो. मंडपवाला आमच्या गल्लीतलाच आहे.