सक्सेस कोच, ॲडव्हायजर, डीएसओ: कॉलेजात नेमकं कोण काय बघतं?

नमस्कार मंडळी,

मुलगी यंदा अमेरिकेत स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला आहे. परवा तिला 'सक्सेस कोच'ची मेल आली. ॲकॅडमिक ॲडव्हायजर तर आधीपासून आहेच, मग हा आणखी एक माणूस कशाला? तिचं काही बिघडलंय का? मी फोन केला, तर माहिती देता येणार नाही म्हणाले. इथे कुणी या क्षेत्रात असेल तर कृपया सांगा.

– एक आई

---

ताई, नमस्कार.

मी एका विद्यापीठात हेच काम करते. कोचची मेल आली म्हणजे मुलगी अडचणीत आहे असं अजिबात नाही. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनाच, किंवा ज्यांच्या घरात आधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही अशांना कोच देतात.

ॲडव्हायजर अभ्यासक्रम बघतात: कुठला कोर्स कधी घ्यायचा, मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला तर किती क्रेडिट वाया जातील, डिग्रीच्या अटी पूर्ण होतायत का. ट्युटर विषय शिकवतात, समुपदेशक मनाचा त्रास हाताळतात. कोच यातलं काहीच करत नाही. मिडटर्म बिघडली तर पुढचे आठवडे कसे आखायचे, प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना (भेटीच्या ठरलेल्या वेळेला) जायची भीती वाटते तर काय विचारायचं, यावर आम्ही मुलांशी बोलतो. कुणाकडे जायचं ते सांगतो आणि चार दिवसांनी "गेलीस का?" म्हणून विचारतो. माझ्या मते हे परत विचारणंच या कामात सगळ्यात मोलाचं आहे.

कोचचं ऑफिस कुठे प्रोव्होस्टच्या (शैक्षणिक कामकाजाच्या प्रमुखांच्या) हाताखाली, म्हणजे ॲकॅडमिक अफेअर्समध्ये असतं, तर कुठे स्टुडंट अफेअर्समध्ये. पहिल्या रचनेत ॲडव्हायजर आणि प्राध्यापक जवळ असतात, दुसऱ्या रचनेत वसतिगृह आणि डीन ऑफ स्टुडंट्स. मला विचाराल तर ऑफिस कुठे आहे यापेक्षा कोच आणि ॲडव्हायजर एकाच सिस्टीममध्ये नोंदी करतात का, हे महत्त्वाचं. नसतील करत, तर मूल तीन खिडक्यांवर तीच कहाणी सांगतं आणि चौथीकडे जातच नाही. ओरिएंटेशनला हा प्रश्न जरूर विचारा. एका कोचकडे किती विद्यार्थी आहेत, तेही विचारा.

या कामाचा उपयोग होतो का? स्टॅनफर्डच्या एरिक बेटिंजर आणि रेचेल बेकर यांनी 2011 मध्ये कोचिंगचा एक अभ्यास मांडला. कोच कुणाला मिळणार हे त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. कोच मिळालेल्यांपैकी कॉलेजात टिकलेल्यांचं प्रमाण दर शंभरात सुमारे 5 ने जास्त निघालं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा 2007 पासूनचा 'असॅप' कार्यक्रम तर याहून पुढे गेला: तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या डिग्रीच्या कॉलेजांत) तीन वर्षांत डिग्री घेणारे कार्यक्रमाबाहेरच्यांत 22 टक्के, तर कार्यक्रमातल्यांत 40 टक्के निघाले. अर्थात तिथे फी आणि प्रवासाची मदतही होती, पण एका ॲडव्हायजरकडे मोजकेच विद्यार्थी ठेवणं हा त्या कार्यक्रमाचा कणाच होता.

फोनबद्दल: 1974 च्या फर्पा (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या) कायद्यानुसार मूल कॉलेजात गेलं की शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा स्वतःचा होतो. मुलीने लेखी संमती दिली तर ते तुमच्याशी बोलू शकतील. पण आधी तिला एकटीला दोन-तीनदा कोचला भेटू द्या. आई सगळं विचारणार आहे हे कळलं की मुलं आमच्याशी मोकळं बोलत नाहीत, हे मी वारंवार बघते.

---

याच धाग्यात विचारतो. भाचा एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर बॅचलर्स करतोय, चार कोर्स, 12 क्रेडिट. केमिस्ट्री जड जातेय. कोच म्हणाले, एक कोर्स सोडलास तरी चालेल. ड्रॉपची मुदत शुक्रवारी संपतेय. सोडू दे का?

---

दादा, त्याला आत्ता थांबवा!

एफ-1 वरच्या अंडरग्रॅज्युएट विद्यार्थ्याला सत्रात साधारणपणे किमान 12 क्रेडिट लागतात. त्याखाली जायचं तर इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसा-स्टेटस बघणाऱ्या नेमलेल्या अधिकाऱ्याची) मंजुरी कोर्स सोडायच्या आधी हवी, नाहीतर स्टेटस धोक्यात येतं. कोच सल्ला देऊ शकतात, ही परवानगी देणं त्यांच्या हातात नाही. स्कॉलरशिप असेल तर तिच्या अटींसाठी फायनान्शियल एड ऑफिसलाही विचारायला हवं.

आज रात्रीच त्याला डीएसओला मेल करू दे: कोर्सचं नाव, सध्याचे मार्क, अडचण काय आहे, आणि शुक्रवारची मुदत. कोच आणि ॲडव्हायजर दोघांनाही सीसीमध्ये ठेवायला सांगा. उत्तर येईपर्यंत केमिस्ट्रीचा एकही वर्ग चुकवू नये.