मदत हवी आहे: स्पार्क प्लग आत्ताच बदलू का?

मंडळी नमस्कार. पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ३८ हजार किमी, प्लग कंपनीतून आलेलेच. हल्ली सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन थोडा वेळ थरथरतं, आणि कात्रजचा जुना घाट चढताना तिसऱ्या गियरमध्ये पिकअप मारताना झटके देतं. अॅव्हरेजही पडलंय, पण सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते कुणाचं टिकतं म्हणा!

एक प्लग काढून पाहिला. टोकावर कोरडी काळी काजळी, मधल्या इलेक्ट्रोडची कड झिजून गोल झालेली. ऑइल मात्र नाही. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किमीला बदलायचे आणि इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात, एवढं माहीत आहे. माझे साधेच आहेत. पण एवढी काजळी फक्त प्लग जुना झाल्याने येते, की एअर फिल्टर किंवा कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) बघावी? कॉइल एका सिलिंडरवरून दुसऱ्यावर टाकून मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) तिकडे सरकतो का, हे कुणी घरी करून पाहिलंय का?

गॅरेजवाला प्लग, कॉइल, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) सगळं एकदम करू म्हणतोय, ते काही पटत नाही. नाना पेठेतून प्लग आणून इंजिन थंड असताना स्वतःच बसवायचा विचार आहे. आटे हाताने धरवून घेईन, पण शेवटचा पीळ टॉर्क रेंचशिवाय (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) कसा ओळखता? प्लग बसतो ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं, आटे गेले तर कल्याणच. आणि डुप्लिकेट प्लग कसा ओळखायचा, तेही सांगा.