मदत हवी आहे : आजोबांच्या दवाखान्यातली विजेची घंटा थरथरते, पण वाजत नाही

खटपट्या_वाई

नमस्कार मंडळी,

वाईच्या घराची आवराआवर चालू आहे. माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळलेली विजेची घंटा सापडली. सागवानी पेटी, खाली वाटीएवढी घंटा, पेटीतून बाहेर आलेली छोटी हातोडी. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आकृती असायची ना, अगदी तीच.

आजोबा डॉक्टर होते, दवाखाना ओटीवरच. त्यांच्या टेबलावर छतातून दोन पदरी वायर लोंबायची आणि तिच्या टोकाला पेरूएवढं लाकडी बटण. घंटा आत माजघराच्या दारावर. एकदा वाजली की चहा. दोनदा म्हणजे सुया उकळायला पाणी ठेवा. तीनदा म्हणजे बाईमाणूस तपासायचं आहे, आजीने बाहेर यावं. घरात दिवे आले त्याच्या आधीपासून ही घंटा होती, असं आत्या सांगते. फडताळात काचेच्या तीन बरण्या असत, त्यात नवसागराचं पाणी. ते आटलं की भर घालायचं काम आत्याचं. बरण्यांच्या काठावर पांढरे खार चढून यायचे म्हणून काठाला मेण चोळलेलं असायचं, हेही तिला आठवतं. आत्या आता ८१ वर्षांची आहे आणि गणपतीला येणार आहे. तोवर घंटा वाजवून दाखवायची, एवढाच हट्ट.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो.

पेटी उघडली तर आत दोन कॉइल शेजारी शेजारी. मीटर लावला. डावी १.५ ओहम, उजवी तुटलेली. उजवीची तार उलगडायला घेतली. तारेवर सुती दोऱ्याचं वेष्टण होतं, ते शेवाळासारखं हिरवं झालेलं, बोट लावलं की भुगा. मोजताना चुकू नये म्हणून दर दहा वेढ्यांना एक चिंचोका ताटलीत टाकत गेलो. पंचवीस चिंचोके आणि वर आठ, म्हणजे २५८ वेढे. उघड्या तारेची जाडी ०.४५ मिमीच्या आसपास, म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडून २६ गेजची इनॅमल तार आणली आणि डावीच्याच दिशेने तितकेच वेढे हाताने गुंडाळले. आता तीही १.५ भरते.

आर्मेचरची (कॉइलकडे ओढली जाते आणि हातोडी हलवते ती) लोखंडी पट्टी गंजून खवले सुटले होते. एका फॅब्रिकेशनवाल्या मित्राने त्याच मापाची नवी कापून दिली, ती जुन्या स्प्रिंगवर रिव्हेट केली. काँटॅक्टचा, म्हणजे स्प्रिंगला टेकून सर्किट जोडणारा, स्क्रू काळा पडला होता, तो अजून तसाच आहे.

तीन मोठे सेल एकापुढे एक, म्हणजे ४.५ व्होल्ट लावले. आर्मेचर नुसतं थरथरतं, गुरगुर येते, हातोडी घंटेपर्यंत पोचतच नाही. ६ व्होल्ट देऊनही तेच. काय चुकतंय?

पुणेरी_फ्यूज

ऑनलाइन दोनशे रुपयांत डिंगडाँग मिळते. कोकिळेच्या आवाजाचीसुद्धा.

खटपट्या_वाई

ती आहे आमच्याकडे. दूधवाला आला की कोकिळा, पेपरवाला आला की कोकिळा. आत्याला ती नको आहे.

अंबरनाथचा_दादा

६ व्होल्टने काय होणार? आमच्याकडे पूर्वी सरळ मेनवर लावायचे, मध्ये एक शंभरचा बल्ब सिरीजमध्ये. दणकून वाजेल.

निवृत्त_वायरमन

दादा, असले सल्ले देऊ नका हो. बल्ब करंट कमी करतो, शॉक कमी करत नाही. या घंटेत काँटॅक्ट, स्प्रिंग, हातोडी सगळं उघडं आणि सगळं सर्किटमध्येच. काँटॅक्ट सुटला की २३० व्होल्ट त्या पितळी स्क्रूवर येऊन बसतील. ऐंशीच्या बाईंना बटण दाबायला द्यायचं आहे ना? सेलच बरे. फारच वाटलं तर घंटेसाठी मिळतो तो छोटा ट्रान्सफॉर्मर, ६ किंवा ८ व्होल्टचा. ही घंटा एसीवरही चालते.

खटपट्या, तुम्ही वेढे मोजलेत, गेज बरोबर आणलंत, ओहमही जुळले. म्हणजे कॉइल चांगली आहे. मला एकच सांगा, दोन कॉइल एकमेकींना जोडताना कुठलं टोक कुठे लावलंत?

खटपट्या_वाई

डावीचं बाहेरचं टोक उजवीच्या आतल्या टोकाला. म्हटलं वेढे एकाच दिशेचे आहेत, तर एक संपली की दुसरी सुरू, प्रवाह सरळ पुढे जाईल.

निवृत्त_वायरमन

तिथेच गडबड आहे.

दोन्ही कॉइल मिळून एक नाल चुंबक व्हायला हवा. एका गाभ्याचं, म्हणजे कॉइलमधल्या लोखंडी दांड्याचं, टोक उत्तर, दुसऱ्याचं दक्षिण. मग चुंबकीय रेषा एका टोकातून निघतात, आर्मेचरच्या पट्टीतून जातात आणि दुसऱ्या टोकात शिरतात. तुम्ही जोडलंय तसं दोन्ही टोकं उत्तर झाली, किंवा दोन्ही दक्षिण. रेषांना पट्टीतून पलीकडे जायला वाटच नाही. ओढ राहते, पण नावापुरती.

दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळलेल्या असतील तर आतलं टोक आतल्याला जोडायचं आणि बाहेरची दोन टोकं सर्किटला. मग एकीत प्रवाह उलटा फिरतो आणि ध्रुव वेगळे होतात. पुन्हा गुंडाळायला लागू नका, फक्त एका कॉइलची दोन टोकं अदलाबदल करा.

आधी खात्री हवी असेल तर ट्रेकिंगचं होकायंत्र घ्या. काँटॅक्ट वगळून दोन्ही कॉइलना सेल क्षणभर लावायचा, होकायंत्र एका गाभ्याच्या टोकाशी धरायचं, मग दुसऱ्याच्या. सुईचं एकच टोक दोन्हीकडे धावत असेल तर माझं म्हणणं खरं.

मृदुला_नाशिक

+१. शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, मुलांनी खिळ्यांवर केलेल्या घंटांमध्ये निम्म्या वेळा हाच घोळ असतो. ओहम बरोबर दाखवतो म्हणून कुणाला संशय येत नाही. मीटरला दिशा कुठे कळते!

आणि ते काळं पडलेलं टोक पॉलिश पेपरने घासू नका. बहुतेक चांदीचं असेल. काही जुन्या घंटांत प्लॅटिनमही असतं. दोन्हीचा थर पातळच. जाडसर व्हिजिटिंग कार्डाची पट्टी कापा, स्पिरिटमध्ये बुडवा, दोन काँटॅक्टच्या मध्ये धरून हलक्या दाबाने ओढा. पट्टी काळी निघेल. नवी पट्टी, पुन्हा. पट्टी पांढरी निघाली की झालं. घंटेलाही चिंच-मीठ लावायच्या आधी थांबा, वर निकेलचा मुलामा असेल तर कोपऱ्यात आधी करून बघा.

खटपट्या_वाई

वायरमनकाका, साष्टांग नमस्कार. होकायंत्राची सुई दोन्हीकडे तेच टोक घेऊन धावली. टोकं बदलली. आता अशी ओढ आहे की आर्मेचर खाड्कन बसतं.

पण नवीन दुखणं. बटण दाबलं की एकदाच "टण्ण", मग गप्प. आर्मेचर गाभ्याला चिकटून बसतं. बोटाने सोडवलं की पुन्हा एक टण्ण आणि पुन्हा चिकटलं. तीनदा वाजवायला मला तीनदा बोट घालावं लागतंय. मृदुलाताई, काँटॅक्ट तुम्ही सांगितल्याप्रमाणे साफ केला, चार पट्ट्या लागल्या.

ठाण्याचा_सोल्डर

चिकटलेलं असताना प्रवाह चालू असतो का बंद? दोन वेगवेगळे रोग आहेत. चालू असेल तर काँटॅक्ट उघडतच नाहीये, म्हणजे स्क्रू फार आत आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. बंद असूनही चिकटत असेल तर वेगळं बघावं लागेल.

खटपट्या_वाई

मीटर सिरीजमध्ये लावला. चिकटल्यावर शून्य. सेल काढून ठेवले तरी चिकटलेलंच.

ठाण्याचा_सोल्डर

मग पट्टी स्वतःच चुंबक झाली आहे. मित्राने कशातून कापली? त्या पट्टीला टाचणी लावून बघा.

खटपट्या_वाई

टाचणी लटकली! मित्राला विचारलं. म्हणाला, "चांगली कडक घेतली, गाडीच्या पाट्यातली, जन्मभर गंजणार नाही."

निवृत्त_वायरमन

मित्राने प्रेमाने घात केला :)

गाडीचा पाटा म्हणजे कडक स्प्रिंग पोलाद. त्यात एकदा चुंबकत्व शिरलं की सहज निघत नाही, म्हणून तर कायमचे चुंबक कडक पोलादाचे करत. आर्मेचरला मऊ लोखंडच लागतं. प्रवाह आला की चुंबक, गेला की लोखंड. घंटेची सगळी गंमत त्या "गेला की" मध्ये आहे. चिकटलं, काँटॅक्ट सुटला, प्रवाह गेला, स्प्रिंगने मागे ओढलं, काँटॅक्ट लागला, पुन्हा चिकटलं. हे सेकंदात कितीतरी वेळा व्हायला हवं. तुमची पट्टी सोडायलाच तयार नाही.

जुनी पट्टी फेकली नसेल तर तिचा जवळून फोटो टाका. गाभ्याकडे जी बाजू असते ती.

खटपट्या_वाई

फोटो टाकलाय. गंज ब्रशने काढला. खड्डे आहेत, पण पट्टी आतून भक्कम निघाली. उगाच घाबरलो होतो.

मृदुला_नाशिक

त्या पट्टीवर दोन पिवळे ठिपके दिसताहेत, गाभ्याच्या टोकांसमोर येतील असे. ते काय आहेत?

खटपट्या_वाई

मला वाटलं कुणीतरी नंतर भोकं बुजवली आहेत. नखाने चाचपलं तर पृष्ठभागाच्या किंचित वर आहेत, केसभर. पितळ वाटतंय.

निवृत्त_वायरमन

ताई, नजर तयार आहे तुमची. बुजवलेली भोकं नाहीत ती. पितळ चुंबकाला जुमानत नाही. त्या दोन टिकल्यांमुळे लोखंड लोखंडाला टेकतच नाही, मध्ये केसभर फट राहते. मऊ लोखंडातही थोडं चुंबकत्व मागे रेंगाळतंच, पण एवढ्या फटीने त्याची पकड सुटते. करणाऱ्याने विचार करून बसवल्या आहेत.

जुनीच पट्टी परत लावा. खड्ड्यांनी काही बिघडत नाही. नवीनच करायची वेळ आली तर साधी एमएस (माइल्ड स्टील, मऊ पोलाद) पट्टी घ्या, चुलीत लाल तापवून राखेत रात्रभर निवू द्या, म्हणजे मऊ पडते. आणि पितळी टिकल्या नाहीत तर गाभ्याच्या टोकांवर कागदाची चकती चिकटवा, तीही चालते.

पुणेरी_फ्यूज

मी चेष्टा करायला आलो होतो, आता रोज धागा उघडून बघतोय. एक प्रश्न. प्रवाह तुटताना ठिणगी पडते ना? त्याने काँटॅक्ट जळत नाही का? डायोड टाकता येईल?

ठाण्याचा_सोल्डर

जळतो, हळूहळू. कॉइल प्रवाह सहजी सोडत नाही, तुटताना उलटा मोठा व्होल्टेज उसळतो, तीच ती निळी ठिणगी. कॉइलवर उलटा डायोड टाकला तर ठिणगी मरते, पण प्रवाह डायोडमधून रेंगाळतो, आर्मेचर उशिरा सुटतं आणि घंटा आळशी होते. शिवाय एसीवर लावली किंवा सेल उलटे बसले तर डायोड खलास. त्यापेक्षा काँटॅक्टच्या दोन बाजूंना ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. पेटीच्या मागे लपतो, जुन्या कामाला धक्का नाही.

खरं सांगायचं तर दिवसातून दोनदा वाजणाऱ्या घंटेला काहीच नको. तुमच्या आजोबांच्या नवसागराच्या बरण्यांनाही असलंच काम मानवायचं. तो लेक्लांशे घट, म्हणजे सेलच, १८६६ चा. सलग प्रवाह काढला तर थकतो, थोडं काढून विश्रांती दिली की पुन्हा ताजा. एकेका बरणीचे दीड व्होल्टच्या आसपास धरा, तीन म्हणजे साडेचार. तुम्ही अंदाजाने बरोबर तेवढेच सेल लावलेत. टॉर्चच्या सेलमध्येही तीच कार्बनची कांडी आणि तेच जस्त असतं, फक्त पाण्याच्या जागी लगदा.

खटपट्या_वाई

वाजली!!

जुनी पट्टी लावली, सेल जोडले, आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारायला आल्या की आरती आज लवकर का.

पण ताल नीट नाही. कधी टणटणटण, कधी नुसतं खरखर. आणि आवाज ठोकल्यासारखा येतोय, घुमत नाही.

निवृत्त_वायरमन

आता सेटिंग. सेल काढा, आर्मेचर बोटाने गाभ्यापर्यंत दाबून धरा. हातोडी घंटेला टेकली का? टेकत असेल तर चूक. दाबलेल्या स्थितीतही जेमतेम मिलिमीटरभर अंतर हवं. चालू असताना दांडी झोकाने वाकते, हातोडी घंटेला शिवून लगेच मागे येते. टेकून राहिली तर तीच घंटेचा नाद दाबते. दांडी हलकेच वाकवा. काही घंटांत मधलं भोक मुद्दाम जरा बाजूला असतं, तसं असेल तर घंटा फिरवूनही अंतर जुळतं.

मग काँटॅक्टचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत कानाने ऐका. एका जागी आवाज एकदम सलग होतो, तिथे मागची नट घट्ट करा. घट्ट करताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून पेचकस लावून धरा. घंटेचा मधला स्क्रू मात्र आवळून मारू नका.

खटपट्या_वाई

गणपतीनंतर लिहितोय, उशिराबद्दल क्षमस्व.

दांडी केसभर वाकवली, स्क्रू दीड फेरा मागे आला, ताल बसला. आत्या आली. मी घंटा टेबलावर आडवी ठेवून वाजवून दाखवली. तिने ऐकलं आणि म्हणाली, "अशी किरकिरी नव्हती रे. भरीव होती." माझं तोंडच उतरलं. मग तीच म्हणाली, "आधी जागेवर तर लाव."

माजघराच्या दारावरच्या फळीत जुने दोन खिळे अजून आहेत. पेटीच्या मागची भोकं त्यांवर नेमकी बसली. उभी टांगल्यावर आवाज खरंच बदलला, सगळी फळी बोलायला लागली. लाकडी बटण काही सापडलं नाही, सध्या साधं बेलचं बटण दोन पदरी वायरला लावून आत्याच्या हातात दिलंय.

तिने तीनदा दाबलं. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं वन्सं?"